राइड-ऑन मोवर गरम झाला की बंद पडतो. 'पेट्रोलचा दोष, वॉरंटी नाही' हे उत्तर मान्य करावे का?

चिरेबंदी (डिचोली)
यंत्र फुटबॉल मैदानाच्या गवतासाठी घेतलेले आहे. एक सिलिंडर, साधारण ५०० सीसी, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चालणारा) गिअर, ४२ इंची डेक (खालचा पात्यांचा भाग). वॉरंटी एक वर्षाची, ती संपायला पाच आठवडे उरलेत. मीटरवर ३८ तास.

लक्षण असे: थंड इंजिन पहिल्या चावीला सुरू होते. २०-२५ मिनिटे गवत नीट कापते आणि मग एकदम बंद. आचके नाहीत, धूर नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबले की पुन्हा सुरू, पण दुसऱ्या वेळी दहा मिनिटांतच मान टाकते.

सर्व्हिसवाल्यांनी कार्ब्युरेटर साफ केला, जॉब कार्डवर 'इंधनातील दोष, वॉरंटीत बसत नाही' असे लिहिले आणि बिल लावले. दोष जिथल्या तिथे. पुन्हा नेल्यावर 'पेट्रोल बदलून पाहा'. पेट्रोल बदलले, फरक शून्य. प्रश्न दोन: हा खरेच इंधनाचा दोष वाटतो का? आणि 'इंधन' हा शब्द लिहिला की वॉरंटी संपते का? चवथीआधी मैदान कापून हवे आहे, गवत गुडघ्याला लागले.

दोनस्ट्रोक
पेट्रोल बदला, मग इंजिन बदला, शेवटी मैदान बदला. यंत्र तेच ठेवा, त्याला वॉरंटी आहे. (दिवे घ्या.)

पोफळी
सर्व्हिसवाल्यांना लगेच खलनायक करू नका. छोट्या इंजिनांच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के छापलेली असते. आपल्याकडे ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता पंपावर तेच मिळते. म्हणजे पंपावरून पेट्रोल भरले की कागदोपत्री मॅन्युअलची अट मोडलीच. हा ग्राहकाचा दोष नव्हे, पण वॉरंटी नाकारणाऱ्याला आयते कोलीत मिळते.

त्रासही खरा आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा अशी की मीठ बरणीत पाझरते; अर्ध्या रिकाम्या टाकीत वर राहिलेली हवाही तितकीच दमट. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पहिल्यांदा तेच उतरते. नोव्हेंबर ते मे यंत्र उभे राहिले तर पेट्रोल उडून जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात) चिकट थर राहतो तो वेगळाच.

इथेनॉल किती आहे ते घरी कळते. काचेच्या खुणांच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, त्यात २० मिली पाणी. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटे ठेवा. खालचा पाण्याचा थर ३० मिलीच्या आसपास आला तर इथेनॉल साधारण १०, ४० च्या आसपास आला तर साधारण २०. सावलीत, उघड्यावर करा, विडीवाल्याला लांब ठेवा.

फीलरगेज
पोफळी यांचे सगळे बरोबर, पण ते या रोगाला लागू नाही. पेट्रोल कमी पडणारे इंजिन आधी रडते: आवाज वरखाली होतो, चढावर दम तोडते, चोक ओढला की क्षणभर सुधारते. जेट तुंबला असेल तर ते थंडपणीही नीट चालणार नाही. इथे थंड असताना सगळे ठीक आणि तापल्यावर दिवा विझवावा तसे बंद. पहिला संशय ठिणगीवर, म्हणजे इग्निशन कॉइलवर. आतला वायर किंवा इलेक्ट्रॉनिक भाग तापून तुटतो, निवला की पुन्हा जुळतो. दुसरी खेप पहिल्यापेक्षा लवकर बंद पडते तेही याच्याशी जुळते, कारण इंजिन पूर्ण निवलेलेच नसते.

तपासणी बंद पडल्यापासून दोन मिनिटांत झाली पाहिजे, म्हणून साहित्य हाताशी ठेवा: नवा प्लग, प्लगपाना, जाड हातमोजे. बंद पडताच हँडब्रेक, पात्याचा स्विच बंद. प्लगची टोपी काढून नव्या प्लगला लावा आणि त्या प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. जुना प्लग जागेवरच राहू द्या, नाहीतर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि समोर ठिणगी. प्लग हातात न धरता चिमट्याने अडकवा. दुसऱ्याने सीटवर बसून चावी फिरवावी. ठिणगी नाही? मग कार्ब्युरेटर निर्दोष सुटला. ठिणगी निळी, कडक आहे? मग पोफळी बरोबर, मी चूक.

कुंभारीण
त्याआधी फुकटची तपासणी: बंद पडल्या क्षणी टाकीचे झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि यंत्र लगेच सुरू झाले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली यायचे थांबते आणि थोड्या वेळाने आपोआप हवा शिरली की पुन्हा चालते. लक्षण हुबेहूब असेच दिसते. नावाप्रमाणे आमच्या जमातीचा यात मोठा हात असतो. छिद्र दिसले की मातीचे घर बांधायचेच. शेडमध्ये उभ्या यंत्राचा सायलेन्सर आणि एअर फिल्टरचे तोंडही पाहावे.

फीलरगेज
झाकण हवेच. ते माझ्या यादीतून सुटले, पहिल्या क्रमांकावर घ्या.

खाजन
कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा सोलेनॉइड विसरलात सगळे. चावी चालू केली की 'टक्' आवाज येतो तो. त्याची पिन आत जाते तेव्हाच पेट्रोलची वाट उघडते. हा तापून सुटला तरी यंत्र काही सेकंदांत बंद पडते आणि ठिणगी मात्र शाबूत दिसते. गरम असताना चावी चालू-बंद करून आवाज ऐका. गंमत अशी की सोलेनॉइड हा विजेचा भाग, पण बसतो कार्ब्युरेटरवर, म्हणून जॉब कार्डवर त्याचाही उल्लेख 'इंधन प्रणाली' होतो आणि ग्राहकाच्या माथी पेट्रोल बसते.

समुद्राजवळच्या यंत्रांत आणखी एक जागा: सीटखालचा स्विच. खाऱ्या हवेने त्याचे कनेक्टर हिरवे पडतात, सीट जरा उचलली की इंजिन बंद. कनेक्टर काढा, कोरडा करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. साधे चेसिस ग्रीस नको.

दोनस्ट्रोक
सीटच्या स्विचला वायरचा तुकडा जोडून टाकायचा. रोग गेला, रोगीही खूष.

खाजन
आणि माणूस खाली पडला तर पाती फिरतच राहणार. तो स्विच हात-पाय वाचवायलाच आहे, अशी जोडणी तपासणीपुरती असली तरी नको. शिवाय वॉरंटीच्या तपासणीत जोडलेली वायर सापडली की कॉइल, क्लच, वायरिंग, सगळ्याचे दावे एका फटक्यात बाद. 'ग्राहकाने फेरफार केला' हे वाक्य त्यांना यापेक्षा स्वस्तात मिळणार नाही.

मांडवीकाठ
गाय ठेवा. गाईला वॉरंटी नाही, पण पेट्रोलचा दोषही कोणी काढत नाही.

कुळागर
गाय गोलपोस्टची जाळी खाते.

अवांतर: ४२ इंची डेकने १०५ बाय ६८ मीटरचे मैदान, थोडी पट्टी एकमेकांवर घेत, ताशी ६ किमीने दीड तासाचे काम. ते कोरड्या, बोटभर गवताचे. गुडघाभर ओले गवत एका खेपेत कापायला गेलात तर पट्टा घसरतो आणि डेकखाली हिरवा लगदा बसतो. आधी पाते सर्वांत वर ठेवून एक खेप, दोन दिवसांनी खाली. आणि मैदानाच्या कडेचे जांभ्याचे दगड आधी उचला. पाते चिऱ्यावर आपटले की स्पिंडलचा, म्हणजे पाते फिरवणारा, दांडा वाकतो. इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, पात्याचे एक टोक जमिनीपासून मोजा, पाते अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसरे टोक मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाते किंवा दांडा वाकलेला. हे मात्र वॉरंटीत बसत नाही आणि बसूही नये.

चिरेबंदी
धागा गाईपर्यंत पोचला. :) फीलरगेज, कॉइल बघायला वरचे कव्हर उघडावे लागेल का? सील वगैरे तुटले म्हणतील.

फीलरगेज
उघडावे. चार-पाच बोल्ट असतात. आत वाळलेल्या गवताचा थर सिलिंडरच्या पंखांवर बसला असेल तर कॉइल त्यामुळेच भाजली असेल. मॅन्युअलमध्ये ही सफाई असतेच.

पोफळी
इथे साफ असहमत. वॉरंटी पाच आठवडे बाकी असताना कव्हर उघडू नका. पंख गवताने भरलेले निघाले तर ते म्हणणार 'देखभाल केली नाही', साफ निघाले तर म्हणणार 'तुम्ही उघडून साफ केले'. दोन्हीकडून मार. वरच्या जाळीतून बॅटरीच्या उजेडात फोटो घ्या आणि कव्हर त्यांनाच तुमच्यासमोर उघडू द्या. वॉरंटी संपल्यावर दर २५-५० तासांनी हवे तितके उघडा.

फीलरगेज
मान्य. कागदाच्या लढाईत पोफळींचे ऐका, यंत्राच्या लढाईत माझे. कव्हर न उघडता एक काम होते. कॉइलकडून येणारी बारीक वायर, जी इंजिनाच्या धातूला टेकली (अर्थ झाली) की इंजिन बंद होते, तिचा कनेक्टर बहुतेक यंत्रांत कव्हरबाहेरच असतो. गरम असताना ठिणगी गेली की तो सोडवा आणि पुन्हा ठिणगी पाहा. आली तर दोष सीट, ब्रेक किंवा चावीच्या स्विचमध्ये, नाहीतर वायरिंगमध्ये. नाही आली तर कॉइल. कनेक्टर सुटा असताना चावीने इंजिन बंद होत नाही, म्हणून फक्त ठिणगी बघण्यापुरते करा आणि लगेच जोडा.

मल्टिमीटरने कॉइलचे ओहम मोजून निकाल देऊ नका. आत इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने थंडपणी आकडा ठीक येतो आणि सर्व्हिसवाला 'कॉइल बरोबर आहे' म्हणून मोकळा.

नियम३५
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. सगळ्यात आधी वॉरंटी कार्ड नीट वाचा, कारण राइड-ऑनला सहसा एक नव्हे, तीन वॉरंट्या असतात: चेसिस-डेक यंत्राच्या कंपनीची, इंजिन इंजिनाच्या कंपनीची, बॅटरी बॅटरीवाल्याची. इंजिनावर वेगळा मॉडेल, टाइप आणि कोड क्रमांक कोरलेला असतो, तो सीटखालच्या क्रमांकापेक्षा निराळा. तक्रारीत दोन्ही लिहा. एकच लिहिला की 'तिकडे विचारा, इकडे विचारा' हा खेळ सुरू होतो आणि आठवडे जातात.

दुसरे, घरगुती आणि व्यावसायिक वापराची मुदत वेगळी असते, व्यावसायिकची कधीकधी ९० दिवसच. बिलावर जीएसटी क्रमांक असला की ते 'व्यावसायिक' धरू पाहतात. वॉरंटी कार्डातली व्याख्या काय आहे ते पाहा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' नसतो, पण तिथे खरेदीमागचा प्रधान हेतू नफा आहे का हे पाहिले जाते. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिका व्यावसायिक मानल्या नाहीत. रिसॉर्टचे लॉन आणि गावच्या पोरांचे मैदान यांत हाच फरक मांडता येतो.

मुदतीबद्दल: तक्रार वॉरंटीत असताना लेखी पोचली पाहिजे. दुरुस्ती नंतर झाली तरी चालते. फोन नको, ईमेल करा. आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे. नाही जमले तर जिल्हा आयोग, उत्तरेला पर्वरी, दक्षिणेला मडगाव. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि विक्रेता बेळगाव-पुण्याचा असला तरी कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. दोष घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वस्तू तपासायची गरज असेल तर आयोग प्रयोगशाळेकडे पाठवतो. कायद्यात निकालाला तपासणीविना तीन, तपासणीसह पाच महिने सांगितलेत. कायद्यात.

मांडवीकाठ
तो शेवटचा एक शब्द लाख मोलाचा.

कुळागर
वाहतुकीचे कोणी बोलले नाही. असे यंत्र दोनशे किलोच्या आसपास भरते, टेम्पो आणि चार माणसे लागतात, आणि वॉरंटी कार्डात ने-आण बहुधा ग्राहकाच्या खर्चाने. प्रत्येक 'पुन्हा आणा' म्हणजे दोन्ही बाजूंचे भाडे. म्हणून दोष त्यांच्या दारात दिसेल याची तजवीज करूनच न्या. गार यंत्र टेम्पोतून उतरले की तिथे ते वीस मिनिटे लोण्यासारखे चालते आणि कार्डावर 'दोष आढळला नाही' येते.

नेताना मागचा बायपास दांडा (चाके गिअरपासून मोकळी करणारा) ओढून यंत्र ढकलतात, तो परत आत ढकलायला विसरू नका. तो बाहेर राहिला की गाडी जागची हलत नाही आणि हायड्रोस्टॅटिक गेल्याची नवी बोंब सुरू होते.

खाजन
+१. 'स्टार्ट होत नाही' असे कार्डावर लिहू देऊ नका. लक्षण, किती मिनिटांनी, किती वेळाने परत सुरू, मीटरचे तास, हे सगळे लिहूनच सही.

चिरेबंदी
तपासण्या झाल्या, क्रमाने देतो.

झाकण: २३ मिनिटांनी बंद पडताच सैल केले, सुस्कारा नाही, सुरूही झाले नाही. सोलेनॉइड: गरम असताना 'टक्' व्यवस्थित. ठिणगी: नव्या प्लगवर काहीच नाही. बारीक वायर सोडवून पुन्हा: तरीही नाही. वायर परत जोडली. १८ मिनिटांनी त्याच प्लगवर निळी ठिणगी आली. सगळ्याचा सलग व्हिडिओ, सुरुवातीला तासांचे मीटर दिसेल असा. जाळीतून पंख स्वच्छ दिसतात, फोटो आहेत.

मोजपात्रात पाण्याचा थर ३९ मिली. म्हणजे पेट्रोल ई२० च आहे.

फीलरगेज
कॉइल. यात वाद राहिला नाही.

पोफळी
माझी माघार. पेट्रोल ई२० असले तरी पेट्रोलमुळे कॉइलची ठिणगी जात नाही, आणि हेच वाक्य तक्रारीत पहिले घाला. मोजपात्राचा आकडा मात्र स्वतःहून सांगू नका. विचारले तर खरे सांगा.

नियम३५
मजकूर साधारण असा ठेवा: 'इंजिन २३ मिनिटांनी बंद पडते. त्या वेळी नव्या प्लगवर ठिणगी नाही, बंद करणारी वायर सोडवूनही नाही; १८ मिनिटांनी ठिणगी परत येते. चित्रफीत जोडली आहे. दोष इग्निशन कॉइलचा असून इंधनाशी संबंध नाही. कॉइल वॉरंटीत बदलावी आणि आधीच्या कार्ब्युरेटर सफाईचे बिल परत करावे. नाकारायचे असल्यास वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावे.' दोन्ही क्रमांक, बिलाची प्रत, आधीचे जॉब कार्ड सोबत. शेवटची ओळ गाळू नका. अटीचा क्रमांक लिहावा लागला की बरेच नकार तिथेच गळतात.

फीलरगेज
कॉइल बदलताना तुमच्यासमोर बसवून घ्या. फ्लायव्हीलचे चुंबक आणि कॉइल यांतले अंतर अशा इंजिनांत बहुधा ०.२५ ते ०.३५ मिमी, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात. फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) नसेल तर मेकॅनिक व्हिजिटिंग कार्ड घालतो, तेही चालते. चुंबक कॉइलसमोर आणायचे, मध्ये गेज, चुंबकाने ओढू द्यायचे, मग बोल्ट आवळायचे. अंतर राहिलेच नाही तर फ्लायव्हील कॉइलला घासते आणि नवी कॉइल आठवड्यात जाते. आणि जुनी कॉइल परत मागा. देत नसतील तर तिचा क्रमांक कार्डावर लिहून घ्या.

चिरेबंदी
ईमेल गेला. आज दुपारी उत्तर आले: कॉइल वॉरंटीत देतो, भाग बाहेरून यायला १२ दिवस. बिलाबद्दल 'विचाराधीन'. सगळ्यांना देव बरें करूं.

दोनस्ट्रोक
१२ दिवस म्हणजे चवथ गेली. मांडवीकाठ, ती गाय किती दिवसांसाठी मिळेल?

मांडवीकाठ
गोलपोस्टची जाळी आधी काढून ठेवा, मग बोलू.